मापात पाप नको : पाड्यावरच्या हिशेबाचे चार पाठ



आपल्या मदतीतून पाड्यांवर चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांत अक्षरओळख करून दिली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. याच वर्गांत गणितही शिकवले जाते आणि ते काम माझ्याकडे आहे. मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला, "पाड्यावरच्या बायकांना गणित कशाला?" दुसरा, "त्यांना हिशेब येत नाही म्हणूनच लोक त्यांना फसवतात ना?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर या पाठात देण्याचा प्रयत्न करते. सोबत काही उदाहरणेही देते. ती आपणही घरी सोडवून पाहावीत.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. वर्गात एकदा मी तोंडी विचारले, "मोहाची सुकी फुले ३० रुपये किलो. ३८ किलोचे किती?" पाटी-पेन्सिल हातात न घेता एक मावशी म्हणाल्या, "बाई, चाळीस किलोचे बाराशे. त्यातले दोन किलोचे साठ काढा. अकराशे चाळीस." उत्तर बरोबर, रीतही चोख. मात्र हेच उदाहरण मी फळ्यावर ३८ × ३० असे मांडले, तेव्हा त्याच मावशी गप्प बसल्या.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी शंभरात ९८ उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तेव्हा सुमारे ७४ बरोबर आले आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७. मुले तीच होती, आकडेही तसेच होते. आकड्यांमागची गोष्ट जितकी हरवली, तितकी उत्तरे चुकली.

म्हणून आमच्या वर्गात गणिताची सुरुवात गोष्टीने होते. पाड्यावरच्या माणसांना हिशेब येतो. अडचण अशी की, ज्या मापात त्यांचा हिशेब पक्का आहे ते माप घरात राहते आणि बाहेरचे माप दुसऱ्याच्या हातात असते.

घरातले माप म्हणजे पायली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. हे कोष्टक आमच्या वर्गातल्या आज्यांना तोंडपाठ आहे. देशात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. पण पायली धान्याने किती जागा व्यापली ते सांगते, किलो वजन सांगतो. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर सुकी मोहफुले यांचे वजन सारखे भरत नाही. त्यामुळे "पायलीचे किलो किती?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जो जिन्नस विकायचा, तोच पायलीने मोजून काट्यावर ठेवून पाहावा लागतो. हे आम्ही वर्गात सर्वांदेखत करतो आणि मगच पुढे जातो.

पहिला पाठ : काटा

समजा, पोत्यासह माल ३८ किलो ६०० ग्रॅम भरला. रिकामे पोते, म्हणजे बारदान, ६०० ग्रॅम. माल उरला ३८ किलो. ३० रुपये दराने ११४० रुपये झाले. पण व्यापारी म्हणतो, "बारदान आणि कडता मिळून दोन किलो कापतो." आता माल धरला गेला ३६ किलो ६०० ग्रॅम आणि पैसे झाले १०९८. फरक ४२ रुपयांचा. एका पोत्याला ४२ रुपये कोणी बोलून दाखवत नाही. पण हंगामात पंधरा पोती विकली तर तेच ६३० रुपये होतात. "४२ गुणिले १५" असे विचारले तर वर्ग शांत असतो. "पंधरा पोत्यांमागे किती गेले?" असे विचारले की सगळ्या एकदम बोलू लागतात.

काटा खरा आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली काट्यावर ठेवली, तर आकडा एक किलोपेक्षा किंचित जास्त यायला हवा, कारण बाटलीचेही थोडे वजन असते. तो किलोच्या खाली आला तर काटा विकणाऱ्याचे नुकसान करतो आहे. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसते का, तेही पाहावे. व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दिसेल असे लावावे लागते. ते दाखवा म्हणण्यात उद्धटपणा नाही.

खरा तराजू आणि पुरे माप यांविषयी शास्त्र किती स्पष्ट बोलते, हे आपण मंडळीत ऐकत आलो आहोत. ती आज्ञा तोलणाऱ्याला आहे. ज्याचा माल तोलला जातो, त्याला मोजून पाहायला शिकवणे हे त्याच कामाचे दुसरे अर्धे अंग आहे.

दुसरा पाठ : शब्दांतला हिशेब

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी भट्टीवाल्याकडून उचल घेतात. आठवड्याला खर्ची मिळते आणि विटांचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. शाब्दिक उदाहरण याहून खरे कुठे सापडणार? ते सोडवताना आम्ही चार गोष्टी करतो. आधी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. मग काय माहीत आहे आणि काय काढायचे आहे ते वेगळे करायचे. मग अंदाज बांधायचा. हिशेब झाल्यावर उत्तर पुन्हा गोष्टीत ठेवून पाहायचे, पटते का?

समजा, एका जोडप्याने २४,००० रुपये उचल घेतली. हजार विटांना ८०० रुपये ठरले. आठवड्यात ६,००० विटा होतात आणि खर्ची २,००० रुपये मिळते. उचल किती आठवड्यांत फिटेल? (आकडे सोयीचे घेतले आहेत. दर ठिकाणाप्रमाणे बदलतो.)

आठवड्याची मजुरी ६ × ८०० = ४,८०० रुपये. त्यातून खर्चीचे २,००० वजा केले की २,८०० उरले. आठ आठवड्यांत २२,४०० फिटतात, म्हणजे नवव्या आठवड्यात उचल संपते. २० आठवड्यांच्या हंगामात ५६,००० जमतात. उचल वजा जाता ३२,००० रुपये घरी यायला हवेत.

आता गोष्टीत एकच वाक्य घाला : "तुटफूट म्हणून हजारामागे शंभर विटा वजा." मोजल्या गेलेल्या विटा ५,४०० झाल्या, मजुरी ४,३२० आणि खर्ची जाता उरले २,३२०. उचल नवव्याऐवजी अकराव्या आठवड्यात फिटते. हंगामाच्या शेवटी हातात ३२,००० ऐवजी २२,४०० येतात. एका वाक्याने ९,६०० रुपये गेले. मुलांची शाळा सोडवून सगळे घर ज्या कमाईसाठी भट्टीवर जाते, तिच्यातले हे पैसे.

म्हणून ठरलेल्या बोलीतली वाक्ये आम्ही बायकांना मोठ्याने म्हणायला लावतो. भट्टीवर जाताना प्रत्येक कुटुंबाला एक वही देतो. एका पानावर विटा, समोरच्या पानावर खर्ची. लिहिता येत नसेल तर रेघा ओढायच्या. शंभर विटांना एक रेघ, चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी. शेवटी शेठच्या वहीशेजारी आपली वही ठेवता आली पाहिजे. उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला अडकवून ठेवणे ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हेही याच पाठात सांगतो.

तिसरा पाठ : एक लिटर

काट्यावरची चूक पैशाची असते. औषधाच्या मापातली चूक जिवावर बेतू शकते. लेकराला जुलाब लागले की आरोग्य केंद्रातून जलसंजीवनीची पुडी मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पुडीही असते. मोठी पुडी पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात घातली तर काय होईल? १००० भागिले २०० म्हणजे ५. पाणी पाचपट तीव्र होईल आणि इतके क्षार लेकराला अपाय करतील. उलट, पुडीतली थोडीशी पूड घरातल्या हंडाभर पाण्यात टाकली तर तिचा उपयोग होणार नाही.

वर्गात आम्ही प्रत्येकीला घरचा लोटा आणायला सांगतो. लिटरच्या बाटलीतले पाणी त्यात ओतून पाहतो. कोणाचा लोटा दोनदा भरतो, कोणाचा अडीच वेळा. आपल्या घरी लिटर म्हणजे किती, हे तिथेच प्रत्येकीला कळते. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले. कालवलेले पाणी एका दिवसात संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे आणि लेकराला आरोग्य केंद्रात न्यायचे.

चौथा पाठ : जमीन

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. माणूस शेत एकर-गुंठ्यांत ओळखतो, कागदावर मात्र हेक्टर-आर असते. एका एकराचे ४० गुंठे, एका हेक्टरचे १०० आर. एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. त्यामुळे आर आणि गुंठा जवळपास सारखेच धरता येतात. कागदावर ०.६० हेक्टर लिहिले असेल तर ते ६० आर, म्हणजे सुमारे ५९ गुंठे, दीड एकराला थोडे कमी. जो तीन एकर कसतो, त्याच्या कागदावर १.२१ हेक्टरच्या आसपास आकडा हवा. ०.६० दिसला तर मोजणीविषयी विचारायला हवे.

स्वतः मोजण्यासाठी ३३ फुटांची दोरी पुरते, कारण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. शेत एका बाजूने तीन दोऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चार दोऱ्या भरले, तर तीन चोक बारा, म्हणजे बारा गुंठे. वेड्यावाकड्या शेताला ही रीत अंदाजापुरती चालते. पण ज्याच्याकडे स्वतःचा अंदाज असतो, तोच पुढच्याला प्रश्न विचारू शकतो.

"गणित कशाला?" या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता आपणच द्याल.

घरी सोडवण्यासाठी

आपल्या मंडळीतील शाळकरी मुलांना ही तीन उदाहरणे द्यावीत. आधी तोंडी सोडवू द्या, मग कागदावर.

१. पोत्यासह चिंच ४५ किलो ५०० ग्रॅम भरली. रिकामे पोते ५०० ग्रॅमचे. दर २८ रुपये किलो. किती पैसे मिळावेत?

२. घरातल्या लोट्यात ४०० मिलिलिटर पाणी मावते. जलसंजीवनीच्या मोठ्या पुडीला किती लोटे पाणी घ्यावे?

३. शेत ६६ फूट रुंद आणि १६५ फूट लांब आहे. किती गुंठे? एकराचा कितवा हिस्सा?

उत्तरे : (१) माल ४५ किलो, म्हणून १२६० रुपये. (२) अडीच लोटे. (३) दोन दोऱ्या गुणिले पाच दोऱ्या, म्हणजे १० गुंठे, पाव एकर.

वर्गासाठी लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत : मोजपट्टीची टेप, लहान वजनकाटा, खुणा असलेले मापाचे भांडे, दोरी आणि वह्या. आपण पाड्याला भेट द्याल तेव्हा यांपैकी काही घेऊन या आणि एखादा तास वर्गात बसा. एखाद्या आजीला पायलीचे कोष्टक विचारा आणि तिला किलोचे सांगा. देवाणघेवाण दोन्हीकडून होऊ द्या.