‘टेन-इन-वन’चा मोह आणि अडकलेला पैसा: गोल्फरच्या खिशातल्या छोट्या टूलवरून शिकूया



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘गिफ्ट आयटम निवडताना काय बघायचं’ हा विषय घेतला. व्हिडिओत हिशेब जरा पटपट झाला, म्हणून इथे सावकाश, आकड्यांसकट लिहितेय. वही-पेन घेऊन बसा. उदाहरण एकच आहे: गोल्फ खेळणारा माणूस खिशात ठेवतो ते छोटंसं मल्टी-टूल.

तुम्ही म्हणाल, “मॅडम, आमच्याकडे गोल्फ खेळतं कोण?” खरंय. नाशिककराला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की अनंत कान्हेरे मैदानावरचा जॉगिंग ट्रॅक आठवतो! पण म्हणूनच हे उदाहरण घेतलंय. जी वस्तू आपण स्वतः कधी वापरलेली नसते, ती विकायला घेताना आपण सप्लायरच्या बोलण्यावर जातो, आणि तिथेच भांडवल अडकतं. शिवाय गिऱ्हाईक अगदीच नाही असंही नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब असो की पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, पावसाळा संपला की कंपन्यांच्या टूर्नामेंट सुरू होतात. त्यांना ट्रॉफी लागते, टोप्या लागतात, खेळाडूंना द्यायला भेटवस्तू लागते. या ऑर्डरी शेवटी ट्रॉफीवाले, स्पोर्ट्सवाले आणि गिफ्टवाले यांच्याकडेच येतात. म्हणजे आपल्याकडेच.

1. आधी काम समजून घ्या, मग वस्तू

गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम वजनाचा असतो. असा चेंडू उंचावरून येऊन ‘ग्रीन’वर आदळतो. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीची, अगदी बारीक कापलेली गुळगुळीत हिरवळ. चेंडू आदळला की तिथे छोटा खळगा पडतो. त्याला ‘पिच मार्क’ किंवा ‘बॉल मार्क’ म्हणतात. तो तसाच राहिला तर पुढच्या खेळाडूचा चेंडू तिथे अडखळतो, वाकडा जातो, आणि तेवढं गवतही मरतं. म्हणून खळगा ज्याने पाडला त्यानेच बुजवायचा, हा खेळाचा शिष्टाचार आहे.

त्यासाठी दोन दात्यांचा छोटा काटा लागतो. आपल्या टूलचं हे पहिलं काम.

दुसरं काम खुणेचं. ग्रीनवर चेंडू पुसायला किंवा दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला घ्यायला उचलता येतो, पण उचलण्याआधी त्याची जागा खूण ठेवून दाखवावी लागते. खूण न करता उचलला तर एका स्ट्रोकचा दंड! खुणेसाठी जी चपटी चकती ठेवतात तिला ‘बॉल मार्कर’ म्हणतात. टूलमध्ये ती बहुतेक वेळा लोहचुंबकाने चिकटवलेली असते.

एक गंमत लक्षात ठेवा. बाजारात या काट्याला सर्रास ‘डिव्हट टूल’ म्हणतात. पण खरा ‘डिव्हट’ म्हणजे फटका मारताना क्लबने उखडलेला गवताचा तुकडा, आणि तो काट्याने दुरुस्त होत नाही. गिऱ्हाईक ‘डिव्हट टूल’ म्हणालं तर आपणही तोच शब्द वापरायचा, त्याला शिकवायला जायचं नाही. पण आपल्याला फरक माहीत हवा. जाणकार गोल्फर दुकानात आला आणि आपण नीट बोललो, तर त्याचा विश्वास तिथेच बसतो.

2. दहा कामांपैकी रोजची किती?

आता सप्लायरचा कॅटलॉग उघडा. काटा, मार्कर, क्लबच्या खाचांतली माती काढायचं टोक, ब्रश, बुटांचे स्पाइक घट्ट करायची चावी, बाटली ओपनर, छोटा चाकू, सिगार टेकवायची खोबण... यादी संपत नाही. स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स ही कंपनी खिशातल्या चाकूंसाठी जगभर ओळखली जाते. तिनेही काटा आणि मार्कर बसवलेलं गोल्फ टूल काढलंय. तिथे चाकू-कात्री हीच त्या कंपनीची ओळख आहे, त्यामुळे ते जमून जातं. आपण मात्र अनोळखी कारखान्याचा ‘टेन-इन-वन’ घेतो, तेव्हा दहाही कामं कच्ची असण्याची भीती असते.

आपल्या स्वयंपाकघरातली विळी बघा. पात्याच्या टोकाला खवणी. भाजी चिरायची, नारळ खवायचा, दोन्ही एकाच बैठकीत. पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण दोन्ही कामं रोजची आणि दोन्ही चोख. त्याच विळीला कुणी कात्री आणि चमचा जोडला असता तर ती कधीच माळ्यावर गेली असती.

गोल्फ टूलचंही तसंच. खेळताना पुन्हा पुन्हा हात जातो तो काटा आणि मार्कर या दोघांकडे. 2019 पासून लागू झालेल्या नियमांनी तर काट्याचं काम वाढवलं. त्याआधी ग्रीनवरच्या बुटांच्या स्पाइकच्या खुणा पटिंगच्या आड आल्या तरी बुजवता येत नव्हत्या. आता त्या बुजवायला परवानगी आहे. खाचा साफ करायचं टोक हे तिसरं उपयोगी काम. बाकी सगळं ‘असलं तर असू दे’ या खात्यात.

चाकूचा तर वेगळाच त्रास. बाहेरगावी खेळायला जाणारा माणूस विमानाने जातो, आणि चाकू हँड बॅगेत चालत नाही. सिक्युरिटीत टूल काढून घेतलं गेलं, तर भेट देणाऱ्या कंपनीचं नाव कचऱ्याच्या डब्यात!

तर पहिला नियम लिहून घ्या: फीचर मोजू नका, वापर मोजा.

3. पैसे देणारा, घेणारा आणि वापरणारा

या वस्तूची खरी गंमत इथे आहे. टूर्नामेंटची ऑर्डर देतो कंपनीचा एचआर किंवा इव्हेंटवाला. भेट मिळते खेळाडूला. आणि आपल्याकडच्या क्लबांत बॅग उचलायला कॅडी असतो, त्यामुळे खळगा बुजवायचं काम पुष्कळदा तोच करतो. म्हणजे एका वस्तूचे तीन मालक, आणि तिघांच्या अपेक्षा वेगळ्या.

- एचआरला हवं असतं: बजेटमध्ये बसणं, लोगो ठळक दिसणं, वेळेवर डिलिव्हरी.
- खेळाडूला हवं असतं: खिशात टोचू नये, दिसायला बरं असावं, मार्कर हरवू नये.
- कॅडीला हवं असतं: दाते मजबूत, पकड चांगली.

विक्रीच्या वेळी आपण समोरच्या एकाशीच बोलतो, तो म्हणजे एचआर. त्याला ‘दहा फीचर’ दाखवले की तो खूश होतो. पण पुढच्या वर्षी ऑर्डर पुन्हा येणार की नाही हे ठरतं खेळाडूच्या खिशात. म्हणून एचआरला सांगायचं, “साहेब, हे टूल तुमच्या पाहुण्याच्या खिशात वर्षभर राहील, आणि प्रत्येक वेळी खूण करताना तुमचा लोगो वर दिसेल.” हे वाक्य खोटं नाही, आणि कुठल्याही फीचर-यादीपेक्षा जास्त चालतं.

4. हिशेब: तोच माल, तीच ऑर्डर, निकाल उलटा

आता मुख्य धडा. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, जीएसटी बाजूला ठेवलाय. तुमचे दर तुम्ही भरा.

समजा, साध्या टूलची बॉडी 160 रुपये, लोगोचा खर्च 30, डबी आणि पॅकिंग 35. एकूण 225 रुपये. विक्री 350 ला. नफा 125.

इथे थांबा. 125 भागिले 225, म्हणजे खर्चावर साधारण 55.6 टक्के. हा झाला मार्कअप. 125 भागिले 350, म्हणजे विक्रीवर 35.7 टक्के. हे झालं मार्जिन. दोन्ही एक नाहीत! 35 टक्के मार्जिन हवं म्हणून खर्चात 35 टक्के मिळवले, तर किंमत येते 303.75, आणि मार्जिन मिळतं जेमतेम 26 टक्के. बरोबर पद्धत: खर्चाला 0.65 ने भागा. 225 भागिले 0.65 म्हणजे 346 रुपये. म्हणून आपण 350 धरले.

आता ऑर्डर येते. आयोजक म्हणतो, “शंभरेक पीस लागतील.” सप्लायरची किमान ऑर्डरही 100 ची. तुम्ही 100 पीस घेता. आठवड्याने आयोजक सांगतो, “नोंदणी कमी झाली, 40 च द्या.” अशा वेळी काय होतं बघा.

प्रकार अ: तुम्ही शंभरही बॉडींवर लोगो कोरून घेतला, डब्या छापून घेतल्या. खर्च 22,500. विक्री 40 × 350 = 14,000. उरलेल्या 60 पीसवर दुसऱ्या कंपनीचं नाव आहे. कुणाला विकणार? नुकसान 8,500.

प्रकार ब: बॉडी कोऱ्या ठेवल्या. लोगो फक्त सुट्या मार्करवर घ्यायचा ठरवलं, तोही आकडा पक्का झाल्यावर. 100 बॉडींचे 16,000, आणि 40 पीसचा लोगो व पॅकिंग मिळून 65 × 40 = 2,600. एकूण 18,600. विक्री तीच, 14,000. हातातून 4,600 जास्त गेले, पण 9,600 रुपयांच्या 60 कोऱ्या बॉडी शेल्फवर आहेत, आणि त्या पुढच्या कुठल्याही क्लबला, कुठल्याही कंपनीला चालतात. विकलेल्या 40 पीसवर नफा 5,000.

माल तोच, गिऱ्हाईक तेच, भाव तोच. एकीकडे 8,500 चा खड्डा, दुसरीकडे 5,000 चा नफा. फरक एवढाच की छपाई कधी केली आणि कशावर केली. वस्तू ‘अमक्याची’ होण्याचा क्षण जितका पुढे ढकलता येईल तितका ढकला. उरलेल्या 60 बॉडींतही पैसा अडकलाय, हे विसरू नका. पण तो सुटू शकतो.

म्हणून चुंबकाने बसणारा, सुटा निघणारा मार्कर हे गिफ्टवाल्यासाठी या टूलचं सगळ्यात मोठं फीचर आहे. कॅटलॉगमध्ये मात्र ते एका ओळीत उरकलेलं असतं.

यासोबत दोन सवयी लावून घ्या. छपाईआधी अंतिम आकडा लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना. आणि निम्मा अॅडव्हान्स आल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

5. सॅम्पल असं तपासा

फोटोवर ऑर्डर देऊ नका. दोन सॅम्पल मागवा आणि:

- बागेतल्या ओल्या मातीत दाते खुपसून बघा. वाकले तर परत. काटा कडेने आत घालून माती मध्याकडे लोटायची असते, मग पटरने दाबून सपाट करायची. खालून उचकटलं तर गवताची मुळं तुटतात. ही पद्धत तुम्हाला करून दाखवता आली पाहिजे.
- मार्कर बसवून टूल जोरात हलवा. मार्कर पडला तर चुंबक कमजोर आहे.
- दिवसभर पँटच्या खिशात ठेवा. बसताना टोचतं का? अस्तर फाटतं का?
- रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळा. सकाळी गंज दिसला तर चकाकीवर जाऊ नका.
- मोठा, शोभिवंत मार्कर घेत असाल तर माप घ्या. नियमात रुंदी 2 इंच आणि उंची 1 इंच ही मर्यादा आहे.

6. कागद विसरू नका

आयात केलेला, पॅक केलेला माल असेल तर लीगल मेट्रॉलॉजीच्या 2011 च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांप्रमाणे डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, नग, ग्राहक तक्रारीचा संपर्क वगैरे माहिती लागते. ‘स्टिकर नंतर लावू’ म्हणणाऱ्या सप्लायरकडून घेऊ नका. आणि वस्तू खेळाच्या सामानात धरायची की हत्यारात, म्हणजे एचएसएन कोड कोणता, हे कोटेशन देण्याआधी सीएला विचारा. कोड चुकला तर जीएसटीचा दर चुकू शकतो, आणि दर चुकला की वरचं सगळं मार्जिन हलतं.

गृहपाठ

तुमच्या दुकानातली एक ‘मल्टी’ वस्तू उचला. नेलकटर सेट असेल, किचन स्लायसर असेल, काहीही. वहीत तीन रकाने करा: पैसे कोण देतं, वापरतं कोण, आणि रोज वापरली जाणारी कामं किती. मग चौथा रकाना: हा माल आज कुणाच्या नावाने छापून अडकलाय का? उत्तरं व्हिडिओखाली लिहा, पुढच्या भागात त्यातले दोन हिशेब आपण फळ्यावर सोडवू.

भेटूया पुढच्या बुधवारी. धंदा करा, पण हिशेबाने!