मनावरील आघात व त्यांतून सावरण्याचे उपाय

पापनाशम हे तालुक्याचे गाव तंजावर व कुंभकोणम या शहरांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक प्रदेशात वसले आहे. या परिसराने अल्पावधीत मोठे आघात सोसले. दि. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेस आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामीच्या लाटांनी शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सुमारे सहा हजार माणसांचा बळी घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील नारळीच्या असंख्य बागा उन्मळून टाकल्या. पडलेले घर पुन्हा उभारता येते. परंतु मनास झालेली इजा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

संकट ओढवताच शरीर प्रतिकारास अथवा पलायनास सिद्ध होते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. ही सिद्धता प्राणरक्षक आहे. मात्र धोका टळल्यावरही ती ओसरली नाही, तर झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड वाढते व घडलेला प्रसंग वारंवार डोळ्यांपुढे येतो. मुले दचकून उठतात, अंथरूण ओले करतात, आईला बिलगून राहतात. हे भित्रेपणाचे अथवा वेडाचे लक्षण नव्हे. बहुसंख्य माणसे आप्तांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात.

सावरण्याचे उपाय साधे आहेत. जेवण, झोप व काम यांच्या वेळा शक्य तितक्या पूर्ववत ठेवाव्यात. रोज चालावे. श्वास सावकाश सोडण्याचा सराव केल्यास हृदयाची गती मंदावते. मन विश्वासू माणसापाशी मोकळे करावे. परंतु आपद्ग्रस्तास घडले ते सांगण्याची सक्ती कोणीही करू नये, कारण तीमुळे लाभ होत नाही, क्वचित अपायच होतो. मद्याने दुःख क्षणभर बधिर होते, पण झोप बिघडते व व्यसन जडते. मुलांना खरे तेच सोप्या शब्दांत सांगावे, खेळू द्यावे व शाळा लवकर सुरू करावी.

त्सुनामीनंतर बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने तमिळनाडूत स्थानिक कार्यकर्त्यांना अशा साहाय्याचे शिक्षण दिले. मनोविकारतज्ज्ञ थोडे व आपद्ग्रस्त पुष्कळ असतात. अशा वेळी शिक्षक, परिचारिका व शेजारी यांचा आधार मोलाचा ठरतो.

लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्यास, अथवा नित्याचे व्यवहार अशक्य झाल्यास, डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा वाटू लागल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठी, तमिळ इत्यादी भाषांत विनामूल्य सल्ला मिळतो. मोडलेल्या हाडावर उपचार घेण्यात जसा कमीपणा नाही, तसा दुखावलेल्या मनावर उपचार घेण्यातही नाही.