हस्तकंडरा-संधानानंतरचे चिकटबंध : प्रतिबंध व वैद्याचे कर्तव्य

विळा, काच अथवा पत्रा लागून बोटाची आकुंचक कंडरा तुटते. शल्यचिकित्सक ती शिवतात, व्रण भरतो. परंतु बोट मिटत नाही. असे रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘तेल लावून बोट मोकळे करून द्या’ म्हणून आपल्याकडे येतात. अशा वेळी काय करावे व काय कटाक्षाने टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करू.

हेतू : तळहाताच्या बोटांकडील घडीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून जातात. पहिल्या आठवड्यात तेथे शोथ असतो. पुढील तीन-चार आठवड्यांत नवे तंतू निर्माण होतात. हे तंतू कंडरेची टोके सांधतात, तसेच कंडरेला आवरणाशीही जखडतात. हात पूर्ण निश्चल ठेवल्यास हे चिकटबंध दृढ होतात. भार दिल्यास शिवण तुटते.

प्रतिबंध : भाराविना चलन हाच यातील मध्यममार्ग होय. १९७५ साली ड्युरान व हाउसर यांनी मांडले की, कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकली तरी चिकटबंध रोखण्यास ते पुरेसे ठरते. म्हणून पहिल्या आठवड्यातच, मनगट व बोटे वाकलेल्या स्थितीत राखणारा स्प्लिंट हाताच्या पाठीमागून बांधून, दुसऱ्या हाताने बोट मिटवणे व स्प्लिंटपर्यंतच उघडणे, असा व्यायाम दिला जातो. स्प्लिंट साधारणतः सहा आठवडे असतो. पूर्ण भार बारा आठवड्यांनंतरच.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात हस्ततलाच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग मीठ व हातात बल आल्यावर पाषाण धरण्यास सांगितले आहे. तेथील विषय अस्थिभग्नाचा असला, तरी बलानुसार भार वाढवण्याचे तत्त्व येथेही लागू पडते. मात्र कंडरासंधानात मातीच्या गोळ्याची पायरीसुद्धा शल्यचिकित्सकांच्या अनुमतीनंतरच येते.

वैद्याचे कर्तव्य :
१. स्प्लिंट सोडू नये; बोट ओढून सरळ करू नये.
२. मर्दन व स्वेदन करू नये. व्रणवस्तूवर हळुवार अभ्यंगही व्रण पूर्ण भरल्यावर व शल्यचिकित्सकांच्या संमतीनेच करावे.
३. धूम्रपान बंद करवावे.
४. मिटणारे बोट अकस्मात मिटेनासे झाल्यास शिवण तुटल्याची शंका घेऊन रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे पाठवावे.
५. व्यायाम नियमित करूनही तीन ते सहा महिन्यांनी प्रगती थांबली, तर चिकटबंध सोडवण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला घेण्यास सांगावे.

रुग्णाचा हात हेच बहुधा त्याच्या उपजीविकेचे साधन असते. म्हणून अशा रुग्णास तेल देण्यापूर्वी त्याच्या शल्यचिकित्सकांशी बोलणे, हीच आपली पहिली चिकित्सा होय.