ओढून आणलेली गाडी आणि कलम ७२

करार कायदा हा परीक्षेपुरता पाठ करायचा विषय, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात काकांची गाडी बंद पडली आणि ती समजूत गेली.

काकांचे छोटे किराणा दुकान आहे. कोल्हापूरहून गुळाचे रवे घेऊन ते आपल्या जुन्या ओम्नीतून बेळगावला येत होते. वंटमुरी घाटात गाडी बंद पडली. रात्रीचे नऊ वाजलेले, वर पाऊस. कुणीतरी दिलेल्या नंबरावर फोन केला, तर क्रेनवाला म्हणाला, "आधी गाडी आणू, पैशाचं मागनं बघू." सकाळी त्याच्या आवारात गेलो, तर हातात चिठ्ठी पडली: रुपये ८,५००. अंतर वीसेक किलोमीटर! "बिल कोड्री," असे म्हणून मी कन्नडमधून तपशील मागितला. आकडा तोच राहिला, आवाज मात्र चढला. पैसे दिल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती. आणखी दोन क्रेनवाल्यांकडे चौकशी केली, तर तेवढ्याच अंतराला ३,००० ते ३,५०० रुपये.

माझे म्हणणे, एक पैसाही देऊ नये. काकांचे म्हणणे, देऊन मोकळे व्हावे. गूळ गाडीत, दुकान बंद. शेवटी कायदा शिकविणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "दोघेही चुकताय. पैसे भरा, पण हरकत लिहून भरा. मग कलम ७२ काढून वाच."

वाचकहो, भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी आपले काम केले व आपण त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. म्हणजे माझा हट्ट चूक. कलम १७० प्रमाणे, वस्तूवर मेहनत वा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. तेथे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचा दाखला आहे. पण हा हक्क रास्त मोबदल्यापुरता, मागेल त्या रकमेसाठी नव्हे. आणि कलम ७२ सांगते की चुकीने किंवा जबरदस्तीने दिलेला पैसा परत मिळाला पाहिजे. त्याखालचे उदाहरण जणू आमचेच! रेल्वे कंपनी बेकायदा आकार घेतल्याशिवाय माल सोडत नाही. मालक पैसे भरून माल सोडवितो. जादा घेतलेली रक्कम त्याला परत मागता येते.

आम्ही तसेच केले. नोंद राहावी म्हणून पैसे फोनवरून दिले. चिठ्ठीवर "गाडी सोडविण्यासाठी, हरकतीसह" असे लिहून तिचा फोटो काढला. मग मी कन्नडमध्ये पत्र लिहिले: पंधरा दिवसांत तपशीलवार बिल द्यावे व जादा ५,००० रुपये परत करावेत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पत्र स्पीड पोस्टाने धाडले.

ही पोकळ धमकी नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वयंरोजगाराने पोट भरणारा दुकानदारही 'ग्राहक' ठरू शकतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

बाराव्या दिवशी मालकाचा फोन आला. घासाघीस होऊन ४,००० रुपये परत मिळाले. काका तेवढ्यावर राजी झाले.

चूक आमचीही होतीच. गाडीला हूक लागण्यापूर्वी दर, अंतर आणि गाडी कुठे नेणार हे विचारून संदेशात लिहून घ्यावे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर आधी १०३३ ला फोन करून मदत मागावी. अडलेल्या माणसाला घासाघीस सुचत नाही, म्हणून हे घरून निघतानाच ठाऊक हवे.

काकांच्या वहीत आता नावे ८,५०० आणि जमा ४,००० अशा दोन नोंदी आहेत. परीक्षेत कलम ७२ आले, तर मला उदाहरण पाठ करावे लागणार नाही!