काहीच जुळले नाही तर?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या पावसाच्या नोंदी वाचून प्रत्येक दिवसाला रंग देणारा छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिला. ‘मॅच’खाली हलका, मध्यम, जोरदार अशा तीन ‘केस’ होत्या. जुलैतल्या एका दिवसाची नोंद ‘अति जोरदार’ निघाली आणि प्रोग्रॅमने त्या दिवसाला चक्क हिरवा रंग दिला. एररही नाही! मैत्रीण म्हणते, रस्टमध्ये हा प्रोग्रॅम कंपाइलच झाला नसता. चूक माझी की भाषेची?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : हिरवा कुठून आला ते आधी पाहू. तुम्ही प्रोग्रॅम पाठवलेला नाही, पण पैजेवर सांगतो : ‘रंग’ हे व्हेरिएबल लूपमध्ये आहे आणि आदल्या दिवशी पाऊस हलका होता. पायथॉनमध्ये एकही केस लागली नाही, तर मॅच काही न करता संपतो आणि पुढची ओळ सुरू होते. ‘रंग’मध्ये कालचा हिरवा तसाच पडून. हवामान खात्याच्या हिशेबात ‘अति जोरदार’ म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. एवढा पाऊस कालच्या भुरभुरीच्या रंगात गेला.

चूक निम्मी-निम्मी. 2021 मध्ये, 3.10 आवृत्तीत, पायथॉनला मॅच मिळाला तो इफ-एलिफच्या साखळीच्या वळणाने : काही लागले नाही तर सोडून द्या. सीचा स्विचही असाच गप्प. स्काला आणि एर्लांग निदान प्रोग्रॅम चालताना ओरडतात. ओकॅमल कंपाइल करतानाच इशारा देते, वर कुठली किंमत सुटली त्याचा नमुनाही दाखवते. रस्ट आणि स्विफ्ट तर अडवूनच धरतात. मला विचाराल तर गप्प बसणारी भाषा सर्वांत महागात पडते, कारण चूक सापडते तेव्हा ती कुठे झाली हे कुणालाच आठवत नसते.

आता तुमच्याच घाटातली गोष्ट. कसारा-इगतपुरी लोहमार्गाचा चढ 37 ला 1. इगतपुरीहून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय, यासाठी घाटात कॅच सायडिंग आहे : मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा फाटा. लक्षात घ्यायचे ते सांध्याचे. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आधी थांबून दाखवते, मग तो मुख्य मार्गाला लागतो. न थांबणारी गाडी कोणत्या प्रकारची, हे कुणी ओळखत बसत नाही. ती आपोआप फाट्यावर जाते. ‘केस _’, म्हणजे बाकी काहीही आले तर लागणारी शेवटची केस, लिहायची ती अशी. तुमच्या प्रोग्रॅममधला सांधा मात्र मुख्य मार्गाकडेच उघडा राहिला होता.

मग प्रत्येक मॅचखाली ‘केस _’ ठोकून मोकळे व्हावे का? तसेही नाही. इगतपुरीला बरीच वर्षे विजेची हद्द होती : मुंबईकडे 1500 व्होल्ट डीसी, मनमाडकडे 25,000 व्होल्ट एसी. गाड्यांची इंजिने इथे बदलत. समजा, तेव्हा कुणी लिहिले असते : इंजिन डीसी असेल तर कल्याणच्या बाजूला पाठवा, बाकी काहीही असेल तर मनमाडच्या बाजूलाच ठेवा. त्या दिवशी बिनचूक. पण 1990 च्या दशकात मध्य रेल्वेवर दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली. ‘बाकी काहीही’ने त्यांनाही मुकाट्याने मनमाडच्या बाजूला बसवले असते, इंजिन बदलायला लागू नये म्हणून आणलेले इंजिन हद्द ओलांडूच शकले नसते! डीसी आणि एसी ही दोन्ही नावे लिहून ‘_’ टाळले असते, तर प्रकारांच्या यादीत तिसरे नाव पडताच रस्टच्या कंपाइलरने ते जिथे जिथे सुटले, ती प्रत्येक जागा दाखवली असती.

म्हणून यादी तुमच्या हातात असेल, तेव्हा सगळी नावे लिहा. पायथॉनमध्ये हवामान खात्याच्या वर्गांचा ‘इनम’, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी, करून घ्या, शेवटच्या ‘केस _’मध्ये 3.11 पासून मिळणारे ‘असर्ट_नेव्हर’ ठेवा आणि मायपाय हा टाइप तपासणारा प्रोग्रॅम चालवा. सुटलेला वर्ग प्रोग्रॅम चालवण्याआधीच कळेल.

तुमची नोंद मात्र बाहेरून येणारा मजकूर आहे. त्याची यादी कोणताही कंपाइलर संपवू शकत नाही. मैत्रिणीला सांगा, तिथे रस्टसुद्धा ‘_’ मागतेच, आणि त्यात तिने काहीच केले नाही तरी चालवून घेते. तेव्हा मजकुराचा इनम करताना, जिथे काही जुळत नाही तिथे ‘व्हॅल्यूएरर’ फेका आणि त्यात तारीख व आलेला शब्द जसाच्या तसा छापा. नोंद करणाऱ्याने एखाद्या दिवशी ‘अति’ आणि ‘जोरदार’ जोडून लिहिले असेल, तर तेही तिथेच अडकेल.