नायगाराच्या पुलापलीकडे जाण्याआधी

नायगाराचे धबधबे अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर आहेत. त्यातला सर्वांत मोठा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा धबधबा मात्र पूर्ण रूपात समोरून पाहायचा, तर कॅनडाच्या काठावर जावं लागतं. दोन्ही काठांवरच्या गावांचं नाव एकच, नायगारा फॉल्स. मधला रेनबो ब्रिज १९४१ पासून उभा आहे आणि तो चालतही ओलांडता येतो. न्यू जर्सीहून सहा-सात तास गाडी चालवत आलेल्या माणसाच्या मनात ‘इतकं आलोच आहोत, तर पलीकडेही जाऊन येऊ’ असं येणं अगदी साहजिक आहे.

एडिसनजवळ राहणारं एक मराठी कुटुंब २०२५ च्या जुलैमध्ये असंच निघालं. गाडीत पाच माणसं. मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा, सून एच-४ वर, नात जन्माने अमेरिकन आणि पुण्याहून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. मुलाने आणि सुनेने कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवला होता. आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता आणि ‘तो असला की कॅनडात चालतो’ असं ओळखीतल्या कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

मेक्सिकोच्या बाबतीत ते खरं आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथे फिरायला जायचं तर वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडाने जून २०२३ मध्ये अशी एक सवलत दिली, पण ती ठरावीक तेरा देशांच्या नागरिकांना आणि तीही विमानाने येणार असतील तरच. फिलिपिन्स आणि थायलंड त्या यादीत आहेत, भारत नाही. अर्धवट ऐकलेली बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना नेमका देशाचाच तपशील गळून पडतो.

पुलापलीकडच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने पाच पासपोर्ट घेतले. तीन बाजूला ठेवले. आईंच्या पासपोर्टची पानं शेवटपर्यंत उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली आणि कॅनडाचा व्हिसा कुठे आहे, असं विचारलं. गाडी बाजूला घ्यावी लागली. आत बसवून चौकशी झाली, एक कागद हातात मिळाला आणि गाडी आली त्या वाटेने परत वळली. कुणी आवाज चढवला नाही की अपमान केला नाही. नियम होता, तो लावला गेला.

खरी धाकधूक पुढे होती. मुलाच्या पासपोर्टवरच्या एच-१बीच्या स्टॅम्पची मुदत मार्चमध्येच संपलेली होती आणि आता अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं होतं. ‘आमच्यापायी याची नोकरी तर जाणार नाही ना,’ या विचाराने बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाने फाइलमधून एच-१बीच्या मंजुरीचं पत्र आणि आय-९४ ची छापील प्रत काढून दिली. थोडा वेळ गेला, पण सगळे आत आले.

ते कशामुळे, हे नीट समजून घ्यायला हवं. पासपोर्टवरचा स्टॅम्प फक्त दारातून आत येण्यासाठी असतो. देशात किती दिवस राहता येईल, ते आय-९४ ची नोंद ठरवते. स्टॅम्प संपला असला तरी आय-९४ चालू असेल, आणि माणूस फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन येत असेल, तर जुना स्टॅम्प परतीपुरता ग्राह्य धरतात. मात्र त्या मुक्कामात अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सोय तिथेच संपते. एप्रिल २००२ पर्यंत अर्ज नाकारला गेला तरी परत येता येई. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती वाट बंद झाली. म्हणून ‘टोरांटोला जातोच आहे, तर स्टॅम्पिंगही उरकून घेऊ’ हा बेत फार जोखमीचा.

आता तर तो बेत बहुतेकांना करताच येणार नाही. ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की व्हिसाची मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी. त्याच महिन्यात, १९ तारखेच्या शुक्रवारी, नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली आणि शनिवारी मध्यरात्र उलटताच ती लागू होणार होती. सोमवारी घटस्थापना. सणासाठी घरी आलेल्या कित्येकांना कंपन्यांनी ताबडतोब परत फिरायला सांगितलं. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे शुल्क नाही, हा खुलासा शनिवारी आला. तोवर लोकांनी मिळेल त्या दराने तिकिटं काढली होती. पुढे १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली. भारतातल्या कित्येक मुलाखती महिनोन्‌महिने पुढे गेल्या आणि दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली माणसं इथेच अडकली. अशा काळात चार दिवसांच्या सहलीचाही विचार परतीच्या बाजूने सुरू करावा, असं ठामपणे वाटतं.

कुटुंब एक असलं तरी नियम प्रत्येक पासपोर्टला वेगळा लागतो. ज्येष्ठांसाठी कॅनडाचा व्हिसा भारतातून निघण्याआधीच मागावा. अर्जाचे शंभर आणि बोटांच्या ठशांचे पंच्याऐंशी कॅनेडियन डॉलर पडतात. ठसे दहा वर्षं चालतात, व्हिसा तितका मिळेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ पासून त्याची मुदत अधिकारी अर्ज पाहून ठरवतात. अमेरिकन पासपोर्टच्या मुलाला व्हिसा लागत नाही, पण आई किंवा वडील यांपैकी एकच सोबत असेल, तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र जवळ असावं. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाबरोबर चालू पासपोर्टही घ्यावा. विमानाने परतणार असाल, तर तीस दिवसांच्या सवलतीचं सरकारी पान छापून ठेवा, कारण काउंटरवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ती ठाऊक असतेच असं नाही. आणि सरकारी संकेतस्थळ तिकीट काढताना एकदा पाहिलंत, तरी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

व्हिसा नसेल, तर अमेरिकेच्या काठावरही पाहण्यासारखं पुष्कळ आहे. गोट आयलंडवरच्या टेरापिन पॉइंटला त्या मोठ्या धबधब्याच्या अगदी कडेशी उभं राहता येतं आणि ‘मेड ऑफ द मिस्ट’ ही बोट इथूनच निघून त्याच्या तुषारांत घेऊन जाते. आई-बाबांनी दुसऱ्या दिवशी ते सगळं मनसोक्त पाहिलं.

परत आल्यावर एक काम उरतं. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर अधिकारी कधीकधी आय-९४ ची मुदत त्याच तारखेपर्यंत तोडतात आणि हे पुष्कळांच्या लक्षात महिनोन्‌महिने येत नाही. घरी पोचल्या पोचल्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंद उघडून नाव, व्हिसाचा प्रकार आणि शेवटची तारीख मंजुरीच्या पत्राशी ताडून पाहा. अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली असेल, तर जवळच्या विमानतळावरच्या त्याच विभागाच्या कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. पासपोर्टमुळेच मुदत कमी झाली असेल, तर आधी त्याचं नूतनीकरण करा आणि लगेच कंपनीच्या वकिलाशी बोला.