दहाव्या दिवसाचा डोस

म्हैस व्याली की खरवसाच्या आधी एक काम कर. त्या दिवसापासून १० दिवस मोज आणि ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेव. रेडकाला जंताचं औषध त्या दिवशी.

तू म्हणशील, आजोबा, अजून ते गवताला तोंड लावत नाही, मग जंत कुठनं? आईच्या दुधातनं. चरताना म्हशीच्या पोटात अंडी जातात, त्यातल्या अळ्या तिच्या यकृता-फुफ्फुसात महिनोन्‌महिने निजून राहतात. तिला काही होत नाही. व्यायची वेळ आली की त्या कासेकडे निघतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत दुधाबरोबर रेडकात उतरतात आणि तीन आठवड्यांत वीतभर लांबीचे पांढरे जंत होऊन अंडी घालायला लागतात.

आमच्या एका रेडकाला असंच झालं. शेण पांढरट, चिकट, नाक धरावं असं, पोटाचा नगारा. सगळे म्हणाले, दूध बाधलं. आम्ही दूध तोडलं. गेलं बिचारं. डॉक्टरांनी पोट फाडून दाखवलं तर आतड्यात सुतळीच्या गुंड्यासारखा जंतांचा गुंता.

म्हणून चीक तोडायचा नाही. दोन तासांच्या आत पोटभर पाजायचा. जंताला औषध आहे, चिकाला पर्याय नाही. म्हशीलाच आधी औषध देऊ म्हणशील, तर निजलेल्या अळ्यांपर्यंत नेहमीची औषधं फारशी पोचत नाहीत.

जंताचं औषध म्हणजे पायपराझिन, ते डॉक्टरांना विचारूनच आण, डोस वजनावर ठरतो. अंदाजपंचे नको. रेडकाला उचलून काट्यावर उभा राहा, मग तुझं वजन वजा कर. पाजताना त्याचं तोंड आभाळाकडे करू नको, औषध श्वासनळीत जातं. हनुवटी जेमतेम आडवी, गालातनं थोडं थोडं.

रेडकांचं शेण गवताच्या वाफ्यात ओलं टाकू नको. त्यातल्या जंतांच्या अंड्यांचं कवच जाड असतं, ती मातीत कितीतरी महिने टिकतात. उकिरड्यात तापून कुजू दे, मग शेतात.

डोस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी रेडकाचं शेण काडीने उकलून बघशीलच. त्या वयाचे जंत बारके, कदाचित काहीच दिसणार नाही. म्हणून लगेच दुसरा डोस पाजत बसू नकोस.